टणकाईच्या लेण्यांकडे : डोंगरवाटेवरची जयणा

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो. साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो, पालिताण्याच्या शत्रुंजय गिरिराजाची यात्रा खुली होते. व्यापारी घरांत तोवर दिवाळीची गर्दी ओसरलेली असते, वहीपूजन झालेले असते, नव्या वर्षाची खाती उघडलेली असतात. शिरूर आणि दौंडच्या बाजारपेठांतील घरांमध्ये याच सुमारास नवी पिढी एक विचारणा करू लागते : रविवारी ट्रेकिंगच्या गटाबरोबर एखाद्या किल्ल्यावर जाऊ का?

विचारणा लहान असली, तरी घरातील मोठ्यांच्या मनात तिच्यामागे बरेच काही उभे राहते. गट शनिवारी रात्री निघतो; मग चोविहाराचे काय? सकाळी वाटेत पोहे मिळतील, त्यांत कांदा-बटाटा असणारच. पाणी कुठले? सोबतीला कोण? आणि मुख्य म्हणजे, ज्या पडक्या भिंती पाहण्यासाठी एवढी धावपळ करायची, त्यांत आपले असे काय आहे? डोंगरच चढायचा असेल तर शिखरजीला चला, गिरनारला चला, निदान यात्रा तरी घडेल, असे आजोबा सांगतात आणि विषय तिथेच थांबतो.

आजोबांचे म्हणणे खोटे नाही, पण ते अपुरे आहे. महाराष्ट्रातील काही ओसाड डोंगरांच्या कुशीत तीर्थंकरांच्या प्रतिमा आजही उभ्या आहेत. तिथे घंटा वाजत नाही, केशर घोटले जात नाही, धर्मशाळा नाही की भोजनशाळा नाही. यात्रेकरूंच्या वाटेवरून ही स्थाने केव्हाच बाजूला पडली. आज त्यांच्यापर्यंत पोहोचतात ती बहुधा पाठीवर पिशवी घेऊन किल्ले पाहत फिरणारी माणसे. म्हणूनच मुलांना पाठवावे की नाही, एवढ्यावर न थांबता कसे जावे, कोणत्या नजरेने पाहावे आणि तिथे पोहोचल्यावर काय करावे व काय करू नये, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने केला पाहिजे. आपल्या परंपरेत या विचाराला एक नेमका शब्द आहे : जयणा. पाऊल टाकताना, बोलताना, वस्तू उचलताना आणि ठेवताना बाळगायची जागरूकता म्हणजे जयणा. डोंगरवाटेवर तिची परीक्षा पावलोपावली होते.

दौंडहून निघणारी वाट

अशा स्थानांपैकी एक दौंडकरांच्या अगदी रेल्वेमार्गावर आहे. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. सुमारे २४० किलोमीटरच्या या मार्गावर गाडी दौंड सोडताच भीमा ओलांडते आणि श्रीगोंदा, अहिल्यानगर, राहुरी, बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव, येवला असे टप्पे घेत मनमाडला पोहोचते. शिरूरच्या मंडळींना पुणे–नगर रस्त्याने अहिल्यानगर गाठून तीच गाडी धरता येते. धान्य, कांदा, साखर यांच्या व्यापाराने ही गावे एकमेकांशी बांधलेली आहेत आणि सोयरिकींनीही. पेठेतील कितीतरी कुटुंबे या मार्गाने वर्षातून अनेकदा जातात. येवला मागे पडले की खिडकीतून सपाट माथ्याचे दोन जोडडोंगर दिसू लागतात आणि त्यांच्याजवळच एक उंच सुळका. सुळका म्हणजे हडबीची शेंडी आणि जोडडोंगर म्हणजे अणकाई-टणकाई.

सातमाळा रांगेतील हे दोन किल्ले एका खिंडीने जोडलेले आहेत. समुद्रसपाटीपासून त्यांची उंची सुमारे ३,२०० फूट असून भोवतालच्या पठारापासून ते सुमारे ९०० फूट वर उठतात. गोदावरीच्या खोऱ्यातून खानदेशाकडे जाणारी जुनी वाट याच परिसरातून जात असे. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी थेवेनो याने सुरत–औरंगाबाद प्रवासातील एक मुक्काम म्हणून अणकाईची नोंद केली आहे. १६३५ साली शाहजहानच्या सेनापतीने हे किल्ले घेतले. अठराव्या शतकात ते निजामाकडून मराठ्यांकडे आले आणि १८१८ मध्ये कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेपुढे प्रतिकार न होता इंग्रजांच्या हाती गेले. बैलांचे तांडे ज्या मार्गाने माल नेत, त्याच भागातून पुढे रेल्वेचे रूळ गेले. वाटा बदलल्या तरी त्या वाटांची गरज बदलली नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पायथ्याशी अणकाई गाव आहे. जलद गाड्या मनमाडला थांबतात आणि तिथून गाव दहा-बारा किलोमीटरवर आहे. गावातून वर जाणाऱ्या पायऱ्यांनी थोडे चढले की टणकाईच्या दक्षिण अंगाला कोरलेली जैन लेणी लागतात. किल्ल्याचे दरवाजे, खिंड आणि दोन्ही माथे त्याच्याही वर आहेत. लेणी खालच्या टप्प्यात असल्यामुळे गुडघे सांभाळत चालणाऱ्या आजी-आजोबांनाही, सावकाश आणि आधाराने, तिथवर जाणे बहुधा साधते. नातवंडे गटाबरोबर खिंडीतून वर जातील, अणकाईच्या माथ्यावरील तलाव आणि अगस्ती ऋषींचे स्थान पाहून येतील. घरातील मोठी माणसे तोवर लेण्यांपाशी थांबतील. एकाच डोंगरावर तीन पिढ्यांना आपापला प्रवास करता यावा, अशी स्थाने फार थोडी आहेत.

संघाची जुनी रीत

ट्रेकिंग हा शब्द नवा असला, तरी अनेकांनी मिळून, नियम पाळून, पायी डोंगराकडे जाण्याची रीत जैन समाजाला नवी नाही. छ'री पालित संघ ही आपली जुनी संस्था आहे. एकाहारी, भूमिसंथारी, पादचारी, ब्रह्मचारी, सचित्तपरिहारी आणि आवश्यककारी, अशा 'री'ने संपणाऱ्या सहा नियमांवरून तिला हे नाव पडले. दिवसातून एकदा भोजन, जमिनीवर शयन, पायी प्रवास, ब्रह्मचर्य, सचित्ताचा त्याग आणि प्रतिक्रमणादी आवश्यक क्रिया, या चौकटीत श्रावक-श्राविका शेकडो कोस चालत. तेराव्या शतकात गुजरातचे महामंत्री वस्तुपाल यांनी शत्रुंजय-गिरनारला मोठे संघ नेले. पुढेही अनेक व्यापाऱ्यांनी संघपती होण्यात जन्माचे सार्थक मानले. संघपतीवर साऱ्या संघाची जबाबदारी असे. कोण मागे राहिले, कोणाचे पाय सुजले, पाणी कुठे गाळायचे आणि मुक्काम कुठे टाकायचा, याची व्यवस्था आधी ठरत असे.

आजच्या चांगल्या ट्रेकिंग गटातही यातील बरेच काही सापडते. पुढे वाट दाखवणारा एक आणि सर्वांत शेवटी चालणारा एक असतो. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने गट चालतो. अंधार पडण्याआधी खाली उतरायचे असते. आणि आपला कचरा आपणच परत आणायचा असतो. ज्या गटात यांपैकी काहीच पाळले जात नाही, जिथे ध्वनिवर्धक वाजतात आणि चढाईची शर्यत लागते, तिथे मुलांना न पाठवणे हेच शहाणपण. गट निवडताना व्यापाऱ्याने माल पारखतो तसा तो पारखावा. सोबत किती जण असतील, जाणते किती, औषधांची पेटी आहे का, परतीची वेळ कोणती, हे आधी विचारण्यात संकोच नसावा.

आहाराच्या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरातच आहे. खाकरा, ठेपले, सुकी भाजी, चणे, सुकामेवा अशी शिदोरी घरून नेली की कंदमुळाचा प्रश्न उरत नाही. शिदोरी एका माणसाची न नेता चौघांची न्यावी. गटातील इतरांनी ती मागून खाल्ली, तर आपल्या आहाराविषयीचे कुतूहलही सहज फिटते आणि कोणाला उपदेश करावा लागत नाही. उकळलेले पाणी पुरेसे न्यावे, कारण किल्ल्यावरील टाक्यांचे पाणी पिण्याजोगे धरता येत नाही. नवकारसी करणाऱ्याने सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे होईपर्यंत चढाईचा वेग बेताचा ठेवावा. उपवासाच्या दिवशी कठीण चढ टाळावा. चोविहार सांभाळायचा असेल, तर सूर्यास्तापूर्वीचे भोजन पायथ्याशी किंवा परतीच्या गाडीत होईल, असे वेळापत्रक गटप्रमुखाला आधीच सांगावे. आठवडाभर आधी नम्रपणे मागितलेली सवलत सहसा नाकारली जात नाही. ऐन वेळी केलेली तक्रार मात्र सर्वांनाच जड जाते.

ऋतूचा विचारही महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातील डोंगरभटकंतीला सर्वाधिक भर येतो तो पावसाळ्यात, आणि आपल्याकडे तोच चातुर्मासाचा काळ. गवत, शेवाळ, किडे-मुंग्या यांनी वाटा भरलेल्या असताना पावलागणिक होणारी विराधना टाळण्यासाठी पूर्वजांनी प्रवासाला मर्यादा घातली. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून पाय घसरण्याचा धोका ज्याने पाहिला आहे, त्याला या मर्यादेतील व्यवहारही समजेल. कार्तिकी पौर्णिमेपासून फाल्गुनापर्यंतचे दिवस कोरडे, थंड आणि निवांत असतात. सातमाळ्याच्या उघड्या डोंगरांसाठी हेच दिवस योग्य.

दगडातील तीर्थंकर

टणकाईच्या या गटात सात लेणी आहेत. त्यांचा काळ साधारणपणे इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकाकडे, म्हणजे यादवांच्या अमलाकडे नेतात. वेरूळची इंद्रसभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इथली लेणी आकाराने लहान वाटतील. वेरूळची जैन लेणी बहुतांशी नवव्या-दहाव्या शतकातील; टणकाईची त्यांच्यानंतरची. डोंगर कोरून जिनालय घडवण्याची पश्चिम भारतातील दीर्घ परंपरा इथे तिच्या उत्तरकाळात भेटते. पहिली लेणी दुमजली आहेत. खांबांवर, चौकटींवर आणि जाळीदार भिंतींवर बारीक कोरीवकाम आहे, पण बराचसा भाग झिजलेला आणि भंगलेला आहे. एका लेण्याच्या छतात पूर्ण उमललेले कमळ कोरले आहे. त्याच्या पाकळ्यांच्या एकात एक रांगा आहेत आणि पाकळ्यांवर नाचणाऱ्या, वाद्ये वाजवणाऱ्या आकृती व वाहनारूढ देवता आहेत. मान वर करून हे कमळ नीट पाहण्यास दहा मिनिटेही अपुरी पडतात. घाईत आलेला गट मात्र त्याच्याखालून छायाचित्र काढून निघून जातो.

तिसऱ्या लेण्याच्या पुढच्या दालनात दोन टोकांना दोन मोठ्या मूर्ती आहेत. एकीकडे हत्तीवर बसलेली, पूर्वीच्या अभ्यासकांनी इंद्र म्हणून ओळखलेली मूर्ती. आज असा गजारूढ यक्ष सर्वानुभूती किंवा मातंग या नावाने ओळखला जातो. दुसरीकडे अंबिका. आंब्याची डहाळी, जवळ बालक आणि सिंह या खुणांवरून नेमिनाथांची ही यक्षिणी ओळखता येते. आतल्या बाजूस शांतिनाथ आणि पार्श्वनाथ आहेत. शांतिनाथांचे लांछन हरिण; पार्श्वनाथांच्या मस्तकावर नागफणा. पाठशाळेत चोवीस लांछने तोंडपाठ केलेल्या मुलाला आपले पाठांतर इथे दगडावर पडताळता येते. हरिण शोधून काढणाऱ्या मुलाला त्या क्षणी जे समजते, ते पुस्तकाच्या पानावरून समजत नाही.

इथल्या उभ्या प्रतिमा कायोत्सर्ग मुद्रेतील, दिगंबर परंपरेच्या आहेत. शिरूर-दौंड भागातील अनेक घरे स्थानकवासी आहेत, काही मूर्तिपूजक, काही दिगंबर. स्थानकवासी कुटुंबाने मूर्तीपुढे मस्तक टेकवावे, असा आग्रह कोणी धरू नये, आणि मूर्तिपूजकाने हात जोडले तर कोणी त्याला अडवू नये. कायोत्सर्ग म्हणजे देहाची ममता सोडून स्थिर उभे राहणे, एवढा अर्थ तिन्ही परंपरांना समान आहे. सुमारे आठ-नऊशे वर्षे ऊन, वारा, सैन्ये आणि उपेक्षा यांच्यामधून या मूर्ती तशाच उभ्या राहिल्या, याकडे पाहताना पंथभेदाची चर्चा आपोआप मागे पडावी.

भंगलेली मूर्ती पाहून मूल विचारते : हे कोणी फोडले? या प्रश्नाला उत्तर देताना मोठ्यांनी आपली वाणी विशेष सांभाळावी. दगड ऊन-पावसाने उकलतो, धुराने काळवंडतो, किल्ल्यावर राहिलेल्या माणसांनी लेण्यांचा निवाऱ्यासाठी वापर केलेला असू शकतो, आणि लढायांतही नासधूस होते. कोणत्या मूर्तीवर कोणता घाव केव्हा पडला, हे आपल्याला माहीत नसेल तर 'माहीत नाही' असेच सांगावे. मुलाच्या मनात राग पेरून त्याला खाली आणण्यापेक्षा प्रश्न घेऊन खाली आणलेले बरे. भाषासमिती पाळण्याची याहून चांगली संधी सहसा मिळत नाही.

डोंगर आणि दुकान

या पडक्या स्थानांत आपले असे काय आहे, हा आजोबांचा प्रश्न अजून शिल्लक आहे. त्याचे उत्तर टणकाईपेक्षा अंजनेरीला अधिक स्पष्टपणे लिहिलेले सापडते. नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना लागणारा अंजनेरीचा डोंगर हनुमानाचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या पायथ्याशी यादवकालीन मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत, त्यांत जैन मंदिरेही आहेत. त्यांपैकी एका मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्यावरचा, संस्कृत शिलालेख सापडला. यादव घराण्यातील सेउणदेवाच्या काळातील हा लेख जिनमंदिराला दिलेल्या दानाचा आहे, आणि दान म्हणून त्यात दुकानांच्या उत्पन्नाची नोंद आहे.

ही नोंद व्यापारी कुटुंबाने दोनदा वाचावी अशी आहे. मंदिराची नित्यपूजा आणि देखभाल शेतीच्या महसुलावर किंवा राजाच्या कृपेवर सोडून न देता बाजारपेठेतील दुकानाच्या आवकेशी बांधलेली होती. दुकान चालले, तर मंदिरातील दिवा तेवत राहील. पेठ उठली, तर दिवाही विझेल. अंजनेरीची ती पेठ आज नाही. मंदिरांचे दगड उरले आहेत आणि त्यांच्या निर्वाहाची तजवीज सांगणारा लेख उरला आहे. डोंगरावरील अवशेषांत राजांची, किल्लेदारांची आणि सैन्यांची कहाणी शोधण्याची आपल्याला सवय लागली आहे. गल्ल्यावर बसणाऱ्यांची कहाणीही तिथेच कोरलेली आहे.

शिरूरकरांना हेच आणखी जवळ, आपल्या नदीच्या वरच्या अंगाला पाहता येते. घोडनदीला मिळणारी कुकडी जुन्नरकडून येते, आणि जुन्नरच्या डोंगरांत देशातील सर्वांत मोठ्या लेणीसमूहांपैकी एक आहे. ही लेणी मुख्यतः बौद्ध आहेत. मानमोडी डोंगरावरील अंबिका लेण्यांत पुढच्या काळातील जैन मूर्तीही आढळतात. जुन्नरच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखांत व्यावसायिकांच्या श्रेणींचा, म्हणजे संघटनांचा, वारंवार उल्लेख येतो. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा एक लेख आहे. दुसऱ्या लेखांत बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी गुंतवल्याच्या नोंदी आहेत. शिरूर किंवा दौंडच्या मोंढ्यात धान्याचा व्यवहार करणाऱ्या माणसाला हा लेख परका वाटू नये. सात खोल्या भिक्षूंसाठी आणि टाके साऱ्यांसाठी : दान कसे करावे, याचा तो एक धडाच आहे.

मावळात कामशेतजवळच्या पाले येथील लहानशा लेण्यात 'नमो अरहंतानं' या शब्दांनी सुरू होणारा ब्राह्मी लेख आहे. इंद्ररक्षित नावाच्या भदंताने लेणे आणि पाण्याची पोढी करवल्याचे त्यात म्हटले आहे. अनेक अभ्यासक तो महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन लेख मानतात. सकाळ-संध्याकाळ नवकार म्हणणाऱ्या माणसाच्या ओठांवरचे पहिले शब्द पुणे जिल्ह्यातील एका कातळावर दोन हजार वर्षांहून अधिक काळ कोरलेले आहेत, आणि शेजारी तहानलेल्यांसाठी पाण्याची सोय आहे.

जीर्णोद्धाराचा मोह

हे सारे पाहिल्यावर श्रद्धावान आणि सधन माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो जीर्णोद्धाराचा. जिनबिंब, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका या सात क्षेत्रांत धन वापरावे, ही आपल्याला मिळालेली शिकवण. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जुन्याच्या उद्धाराचे फळ कितीतरी पट अधिक, असेही परंपरा सांगते. मग भंगलेल्या मूर्तीला रंग द्यावा, जमिनीवर फरशी घालावी, दाराला लोखंडी जाळी बसवावी, बाहेर नावाची पाटी लावावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. भावना निर्मळ असते. परिणाम मात्र अनेकदा उलटा होतो.

तैलरंगाचा थर दगडाची छिद्रे बंद करतो. आत अडकलेला ओलावा बाहेर पडू शकत नाही आणि काही वर्षांनी रंगाचा पोपडा निघताना कोरीवकामाचा वरचा पापुद्राही सोबत जातो. सिमेंटमधील क्षार जुन्या दगडात उतरून तो भुसभुशीत करतात. दूध, तूप, केशर यांचे अवशेष दगडावर राहिले की बुरशी धरते आणि मुंग्या जमतात. अभिषेकाच्या भावनेतून जीवहिंसेचे कारण निर्माण होते. नित्य पूजा आणि नित्य स्वच्छता असलेल्या मंदिरात जे शोभते, ते वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याने ओसाड लेण्यात करणे जयणेला धरून नाही.

कायद्याची मर्यादाही आहे. टणकाईची लेणी संरक्षित स्मारक आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांना १९५८ चा प्राचीन स्मारके कायदा लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये ते परवानगीनेच करता येते. स्मारकाची हानी किंवा विद्रूपीकरण करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हेतू धार्मिक होता, हे सांगून नुकसान भरून येत नाही.

मग श्रावकाने काय करावे? पहिली गोष्ट बिनखर्चाची आहे. जिनमंदिरातील चौऱ्याऐंशी आशातना आपल्याकडे सांगितल्या आहेत. तिथे खाऊ नये, थुंकू नये, पादत्राणे घालून जाऊ नये, झोपू नये, भांडू नये, थट्टामस्करी करू नये. पुरातत्त्व खात्याच्या सूचनाफलकावर जे लिहिलेले असते, त्यातील बरेचसे या यादीत आधीच आलेले आहे. लेण्याच्या दाराशी बूट काढून आत जाणारा, डबा बाहेर उघडणारा, मूर्तीला हात न लावणारा आणि भिंतीवर नाव न लिहिणारा एक मुलगा साऱ्या गटाची वागणूक बदलू शकतो. त्याला एक शब्दही बोलावा लागत नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. व्यापारी घराला हिशेब ठेवण्याची जन्मजात सवय असते. तीच इथे उपयोगी पडते. प्रत्येक भेटीत त्याच जागेवरून, त्याच कोनातून छायाचित्रे घेतली आणि तारखेसह जपून ठेवली, तर कोणता खांब तडकला, कुठे पाणी झिरपू लागले, कोणती आकृती झिजली, हे दहा वर्षांनी सांगता येते. असा नीट ठेवलेला हिशेब संबंधित कार्यालयाकडे लेखी पाठवला, तर त्याला तक्रारीपेक्षा अधिक वजन येते.

तिसरी गोष्ट द्रव्याची. स्मारकांच्या जतनासाठी देणगी देण्याचे रीतसर मार्ग आहेत. केंद्र सरकारने १९९६ साली स्थापन केलेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीमार्फत एखाद्या ठरावीक स्मारकाच्या कामासाठीही देणगी देता येते. काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होते, दात्याच्या हाती करणी नसते. पाटीवर मोठ्या अक्षरांत नाव येईलच असे नाही. कीर्तीची अपेक्षा न ठेवता दिलेल्या गुप्तदानाची थोरवी प्रवचनांत आपण ऐकत आलो आहोत. तिचा कस अशा ठिकाणी लागतो. आणि मोठी देणगी देणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी पायथ्याच्या गावातील मुलांसाठी पुस्तके न्यावीत, पाण्याच्या टाकीची चौकशी करावी, गावकऱ्यांशी बोलावे. लेणी रोज डोळ्यांसमोर असतात ती त्यांच्या. रोज राखणही तेच करू शकतात.

पहिल्या प्रवासाआधी

ज्या कुटुंबाने यापूर्वी कधीच असे अवशेष पाहिलेले नाहीत, त्याने सुरुवात सपाटीवर करावी. दौंडच्या पलीकडे, श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी पेडगावचा बहादूरगड आहे. मोगल सुभेदार बहादूरखानाच्या नावाचा हा भुईकोट १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून आणल्याच्या दुःखद घटनेने इतिहासात नोंदला गेला. त्याच्या तटाच्या आत यादवकालीन मंदिरे आहेत. लक्ष्मीनारायण मंदिराच्या भिंतींवरील शिल्पे अजूनही नजर खिळवून ठेवतात. खांब कसा घडतो, द्वारशाखा म्हणजे काय, कोरीवकामात यादवकाळ कसा ओळखावा, हे तिथे चढ न चढता शिकता येते. एवढी तयारी झाल्यावर टणकाईचे छत आणि चौकटी अनोळखी राहत नाहीत.

त्यानंतर एखाद्या थंड रविवारी दौंडहून निघावे. सोबत चौघांची शिदोरी, प्रत्येकी तीन लिटर पाणी, काठी, टोपी, कागद-पेन्सिल आणि कचरा परत आणण्यासाठी रिकामी पिशवी असावी. उग्र सुगंध लावू नये आणि धूर करू नये, कारण कड्यांवर आग्यामोहोळ असू शकते आणि डिवचलेल्या माशा कोणालाच सोडत नाहीत. उन्हे चढण्याआधी लेणी गाठावीत. मुलांनी लांछने शोधावीत, मोठ्यांनी शांतपणे एक सामायिक करावे. अठ्ठेचाळीस मिनिटांची ती स्थिरता कायोत्सर्गातील तीर्थंकरांसमोर जशी उतरते, तशी घरी क्वचितच. दुपारी गट खिंडीतून खाली आला की शिदोरी सोडावी, आणि सूर्य कलण्याआधी स्टेशनची वाट धरावी.

पुढच्या वेळी व्यापाराच्या कामाने मनमाडकडे जाताना येवल्यानंतर खिडकीतले ते जोडडोंगर पुन्हा दिसतील. शेजारच्या प्रवाशाने विचारले तर तिथे कोण उभे आहे, कुठल्या लांछनावरून ते ओळखावे आणि छतातले कमळ कसे पाहावे, हे घरातील सर्वांत लहान मूलही सांगू शकेल.